सत्तावन्न नंबरचा पाय

४ फेब्रुवारी

ताईस,

तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं, असं शेजारच्या किल्लीवाल्याकडून कळलं. पट्टी निघाली की हे वाच, घाई नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

घर अखेर लागलं. सजावटवाल्या बाई सहा महिने त्यात खपल्या. त्यांचं म्हणणं असं की भिंत मुकी असेल तर माणसाने आत राहावं कशाला? दिवाणखान्यात नारिंगी सोफा आहे, त्याच्यामागे आठ फुटी चित्र. चित्रात एक उघडं तोंड, दुसरं काही नाही. जेवणाच्या टेबलाशेजारी जुना पेट्रोल पंप उभा केलाय, त्याला आतून दिवा लागतो. कोपऱ्यात न्हाव्याची खुर्ची. बाथरूमबाहेर पाणबुड्याचं पितळी शिरस्त्राण. येणारा माणूस दारातच थबकतो, ताई. आपल्या जुन्या घरात कुणी थबकलं तर ते सरसाच्या वासाने.

आता तुझ्या कामाचं. तू दवाखान्यात असताना मी गाडी घेऊन आलो होतो. किल्लीवाल्याकडून दुकानाची किल्ली घेतली आणि माळ्यावरचे बाबांचे चोवीस लाकडी पाय घेऊन आलो. रागावू नकोस, मी विचार करून घेतलेत. खाली मांडणीवरच्या सरळ, चांगल्या जोड्यांना हात लावला नाही. त्या तुला बूट शिवायला लागतात एवढं मला कळतं. फक्त वाकडेतिकडे, बिघडलेले तेवढे उचलले. बाबांना टाकवले नसतील म्हणून वर कोंबलेले. तुझा माळाही मोकळा झाला. सजावटवाल्या बाई ते बघून म्हणाल्या, असली वस्तू बाजारात शोधून सापडत नाही. दवाखान्यात डोकावणार होतो, पण गाडी संध्याकाळच्या आत परत द्यायची होती.

१ मार्चला घर दाखवायचा कार्यक्रम ठेवलाय. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई येणार आहेत. नव्या शाखेचा प्रमुख कोण, हे त्याच ठरवणार, तेव्हा त्या दिवसावर बरंच अवलंबून आहे. तुला प्रवास झेपला तर ये. येताना दुकानातला ॲप्रन तेवढा काढून ये.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास, आशीर्वादाचं पुढच्या पत्रात बघू.

एका डोळ्याची पट्टी काल निघाली आणि त्या डोळ्याने पहिलं काय वाचलं तर तुझं पत्र. डॉक्टर म्हणाले होते, ताण येईल असं काही वाचू नका.

दवाखाना दुकानापासून चार मिनिटांवर आहे. सहा तास गाडी हाकत तू आलास ते लाकडी पायांसाठी. सख्ख्या बहिणीचे हाडामांसाचे दोन पाय तिथे खाटेवर पडले होते, ते बघायला तुला सवड झाली नाही. खरं आहे, ते सरळ आहेत, तुझ्या भिंतीच्या काय कामाचे?

तुझ्या घराचं वर्णन किल्लीवाल्याला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, खुर्ची आहे तर न्हावी कुठे बसवलाय? दुसऱ्याच्या आठ फुटी घशाकडे बघत तुम्हाला घास कसा उतरतो ते मला समजत नाही. पण ज्याला त्याला आपली हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, तुझ्या हौसेला डोकंही नाही, एवढंच.

आता नीट वाच. त्यांना लाकडी पाय म्हणत नाहीत. फर्मा म्हणतात. बूट त्याच्यावर ओढून शिवतात. बूट शिवणाऱ्याच्या पोटी जन्मलास, एवढा शब्द तरी तोंडात राहायला हवा होता. सरळ फर्मे कारखान्यातून पोत्याने येतात. गेले तर दुसरे आणता येतात. तू मोठ्या मनाने मागे ठेवलेस ते हे.

वाकडे फर्मे बिघडलेले नव्हते. ते वाकड्या पायांचे आहेत. कुणाची टाच जन्मापासून आत वळलेली, कुणाचा चवडा यंत्रात चुरलेला, कुणाचा पाय दीड इंच तोकडा. अशा चोवीस जिवंत माणसांचे ते पाय. एकेक बाबांनी हाताने कोरला आणि टाचेवर तापल्या सळईने नंबर घातला. नाव नाही, नंबर. कुणाचा कुठला ते बाबांना ठाऊक होतं, आता मला ठाऊक आहे. अशा माणसाचं माप घेताना बाबा शटर अर्ध्यावर ओढायचे. फर्मे माळ्यावर ठेवायचे तेही त्यासाठीच, येणाऱ्याजाणाऱ्याने बघून फिदीफिदी हसू नये म्हणून.

तू बारा वर्षांचा असताना वासाने डोकं दुखतं म्हणून होस्टेलला गेलास. हे तुला ठाऊक नसेल, ते मी एक वेळ समजू शकते. पण विचारायला काय जीभ झडली होती?

सत्तावन्न नंबर ताबडतोब पाठव. बाकीचे मागून आले तरी चालतील, तो आधी. तिचा बूट आतून खचलाय, तिने फोनवर सांगितलं. वर्षातून एकदा ती दुरून येते, या महिन्यात २६ तारखेला येणार आहे. मला महिनाभर खाली वाकायचं नाही आणि प्रवास करायचा नाही. नाहीतर मीच आले असते. ॲप्रन घालून.

ताई


१६ फेब्रुवारी

ताईस,

तुझा राग पोचला. फर्मे मात्र इतक्यात पोचवता येणार नाहीत, कारण ते आता भिंतीवर आहेत.

गडद हिरवी भिंत, तिच्यावर चोवीस पाय चढत गेल्यासारखे. सजावटवाल्या बाईंनी आधी ते साफ करून घेतले. पुष्कळांवर चामड्याचे कुजके तुकडे डकवलेले होते, ते खरवडून टाकले. मग चकचकीत रंग दिला. गुलाबी, निळा, एकाला सोनेरी वर्ख. तू म्हणतेस तो सत्तावन्न मधोमध आहे, झगझगीत पिवळा. त्याच्यावर वरून दोन दिवे सोडलेत आणि टाचेला भोक पाडून तिसरा आतून बसवलाय. बाई म्हणतात, तो या भिंतीचं काळीज आहे. तो काढला तर कार्यक्रमच रद्द करावा लागेल.

मला सांग, एका गिऱ्हाइकाला दोन आठवडे थांबायला काय होतं? फारच अडलं असेल तर पुन्हा माप घे. पाय तर तिच्याजवळच आहे ना?

आणि तू उलट बाजूनेही बघ जरा. बाबांच्या हयातीत त्या फर्म्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता चांगली जाणती माणसं बघतील. मी बाबांची ओळख लाकडातले शिल्पकार अशी करून देणार आहे. तू आयुष्य माळ्याखाली काढलंस, त्यामुळे तुला वरचं कधी दिसलंच नाही.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्यास,

बाबांची ओळख बूट शिवणारा अशीच करून दे. त्यांनी ती आयुष्यभर कुणाला विचारून घेतली नव्हती.

ते कुजके तुकडे. पाय वाढतो, सुजतो, हाड सरकतं, भोवरी धरते. दर वर्षी सत्तावन्न नंबरवाली आली की बाबा त्या जागी कागदाएवढा पातळ चामड्याचा तुकडा फर्म्यावर चिकटवत, तासून बसवत, आणि मग बूट चढवत. बाबांमागे ते मी केलं. सत्तावन्नवर बावीस वर्षांचे तुकडे होते. तिचा पाय बावीस वर्षं कसकसा बदलला ते त्या लाकडावर लिहिलेलं होतं, आणि तुझ्या त्या बाईंनी ते घाण समजून काढलं. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण मी आजवर गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवली होती.

पुन्हा माप घे म्हणतोस. पहिल्या खेपेला ती तरुण मुलगी होती. मोजा काढायला तिला पाऊण तास लागला. बाबा दुसरं काम करत बसले होते. शेवटी मोजा काढून तिने तोंड भिंतीकडे केलं आणि माप होईपर्यंत वळवलं नाही. त्यानंतर तो पाय फक्त बाबांनी आणि मी पाहिलाय. तिच्या घरातसुद्धा ती मोज्याशिवाय वावरत नाही. ती मोठ्या कामावर आहे, दिवसदिवस उभी असते. खचलेल्या बुटाची कड घोट्याला घासून आत्ताच सालटं निघालंय. ज्याचं जळतं त्याला कळतं, तुझ्या टाचेला कधी साधा फोडही आला नाही. बाबांनी तुझे बूट नेहमी आधी शिवले.

पायीची वहाण पायीच बरी म्हणतात. तू तर लोकांचे पायच भिंतीवर टांगलेस आणि वर दिवे सोडलेस.

२४ ला किल्लीवाला बसने येतोय. त्याच्या हातात सत्तावन्न दे. भोकासकट, रंगासकट, जसा असेल तसा. उरलंय त्यातून मी काहीतरी बघीन.

ताई


३ मार्च

ताईस,

तुझा किल्लीवाला आला होता. त्याला चहा दिला, घर दाखवलं, समजावून परत पाठवलं. तो तुला वाढवून सांगेल, म्हणून आधीच लिहितो. कार्यक्रम पाच दिवसांवर होता, भिंतीच्या मधोमध भोक घेऊन मी पाहुण्यांना काय तोंड दाखवणार होतो?

आणि कार्यक्रम असा झाला की तू असतीस तर तुझंही मन पालटलं असतं. साठेक माणसं आली. तोंडाच्या चित्रापुढे फोटो काढायला रांग लागली. पण सगळ्यात जास्त गर्दी पायांपाशी. लोक हात लावून बघत होते, एकाने तर निळ्यावर पेला ठेवला. पिवळ्यापाशी मी सहज म्हटलं, ही बाई निघायची उत्तरेला आणि पोचायची दक्षिणेला. सगळे पोट धरून हसले. मग ज्याला त्याला एकेक सुचायला लागलं.

एकट्या मोठ्या बाई काही खुलल्या नाहीत. त्या भिंतीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. हे कुठून आणलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, वडिलांचं काम, सगळे कल्पनेतले पाय आहेत. “कल्पनेतले?” त्या म्हणाल्या. मग वाकून पिवळ्याच्या टाचेवरचा नंबर पाहिला आणि न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाच मिनिटांत गाडी बोलावली. जेवल्या नाहीत. हल्ली त्या जरा लंगडतात, वय झालं असेल, थकल्या असतील. बाई हुशार आहे, कामात वाघीण आहे, पण आवडनिवड म्हणशील तर शून्य. मोठा पगार आणि बारा महिने तेच जाडजूड काळे बूट. कला सगळ्यांनाच झेपते असं नाही.

आता कार्यक्रम झालाय. पुढच्या महिन्यात सत्तावन्न काढून देता येईल का ते सजावटवाल्या बाईंना विचारतो.

तुझा,
धाकटा


९ मार्च

धाकट्यास,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, दोन्ही डोळ्यांनी. दुसरी पट्टी निघाली आहे.

२६ तारखेला सत्तावन्न आली होती. किल्लीवाला रिकाम्या हाताने परतला होता, म्हणून मी तिला सांगितलं की फर्मा दुरुस्तीला दिलाय, पंधरा दिवस कळ काढा. या दुकानात गिऱ्हाइकाशी खोटं बोलल्याचा तो पहिला दिवस. बुटात लोकरीचा जाड तुकडा बसवून दिला आणि तिने विश्वासाने तो घालून घेतला.

परवा ती पुन्हा आली, न कळवता. मी शटर ओढायला उठले तर नको म्हणाली. बसलीही नाही. फर्मा कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. कसं ते मला विचारू नकोस. मी सांगणार नाही, तिनेही सांगू नका म्हटलंय. तिने एकच प्रश्न विचारला, तुझ्याबद्दल. “त्यांना माहीत होतं का?” मी म्हटलं, नाही, तो मूर्ख आहे, दुष्ट नाही. ती म्हणाली, “हसताना फरक कळला नाही.”

बाबांना जाऊन आठ वर्षं झाली. ते नाहीत याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

यापुढे ती येईल असं मला वाटत नाही. दुसरीकडे कुठे ती जाणार नाही, कारण दुसरीकडे पुन्हा मोजा काढावा लागेल. त्याच बुटात चालेल आणि पायाचं वाटोळं करून घेईल. तू आता सत्तावन्न पाठवलास काय आणि नाही काय. तुझी शाखा तुला लखलाभ होवो.

ताई


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून मला वाटलं, पाहुण्यांपैकीच कुणीतरी असणार. मी यादी काढून बसलो. चार दिवस ओळखीच्या बायकांच्या पायांकडे बघत हिंडलो. मोठ्या बाईंवर एकदाही नजर गेली नाही. आता वाटतं, त्यांच्याकडे मी माणूस म्हणून कधी पाहिलंच नव्हतं, सहीची जागा म्हणून पाहत होतो.

परवा सकाळी बैठक होती. आम्ही चौदा जण टेबलाभोवती. त्या काठी टेकत आल्या. उजव्या पायात तोच काळा बूट आणि डाव्या पायात उघडी चप्पल. घोट्याला पट्टी. मोजा नाही. सगळे एकदम आपापल्या कागदांत बघायला लागले. मी नाही बघू शकलो. टाच आत वळलेली, अंगठ्याशेजारची दोन बोटं एकावर एक, बाहेरच्या बाजूला ते उंचावलेलं हाड. ताई, तो पाय मला पाठ आहे. महिनाभर रोज संध्याकाळी मी त्याच्यावर तीन दिवे लावत होतो.

त्यांनी मला बघताना बघितलं. मी ओळखलं हे त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, “पुढचा विषय घ्या.” पुढचा विषय माझाच होता. मी उभा राहिलो आणि काय बोललो ते मला आठवत नाही.

बैठक संपल्यावर त्यांच्या केबिनपाशी गेलो, दार ठोठावलं नाही. काय म्हणणार होतो? तो विनोद मी केला होता. दुसऱ्या कुणी केला असता तर निदान त्याला नावं ठेवता आली असती.

घरी येऊन सगळे फर्मे स्वतः उतरवले. सजावटवाल्या बाई फोनवर ओरडत होत्या की भिंत मेली. मी फोन ठेवून दिला. ताई, तुला खरं सांगतो. बाबा बूट शिवायचे हे मी ऑफिसात कुणालाही कधी सांगितलेलं नाही. शिल्पकार हे मी पाहुण्यांसाठी रचलं नव्हतं, वीस वर्षं तेच सांगतोय. मला त्यांची लाज वाटत होती आणि आज माझी वाटते.

तेवीस फर्मे पेटीतून पाठवतोय. एकाचा रंग पॉलिश पेपरने घासून काढायला घेतला, पण लाकूड झिजेल असं वाटून थांबलो. सत्तावन्न वेगळा गुंडाळून त्याच पेटीत ठेवलाय. काय करू ते सांग. जे सांगशील ते करतो.

धाकटा


२८ एप्रिल

धाकट्यास,

पेटी पोचली. पेपरने घासायचा थांबलास ते बरं केलंस, आयुष्यात एकदा वेळेवर थांबलास. रंग काचेच्या तुकड्याने खरवडायचा असतो, तो मी खरवडतेय. अकरा फर्मे झाले. सोनेरी वर्ख सगळ्यात चिवट निघाला, दिखाऊ वस्तूंचं तसंच असतं. ज्याला त्याला पत्र लिहून फर्मा बिघडलाय, माप द्यायला या म्हणून कळवलंय. कुणी आले, कुणी येणार नाहीत. न येणाऱ्यांच्या पायांचा विचार तू करत जा, मी आता थकले.

सत्तावन्न एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. येईल असं मला वाटलं नव्हतं. भर दुपारी, समोरच्या रस्त्यावर बाजाराची गर्दी. मी शटरला हात घातला तर म्हणाली, “राहू दे. आता काय राहिलंय झाकायला?” दाराच्या तोंडाशी स्टूल ओढून बसली, चप्पल काढली आणि पाय साचा घ्यायला प्लास्टरच्या घमेल्यात ठेवला. येणारेजाणारे बघत होते. एक बाई थांबून टक लावून बघायला लागली, तर हिने तिला विचारलं, “तुमचंही माप द्यायचंय का?” ती पळाली. मी हसले आणि मग मला रडू आलं. डोळ्यात थेंब घालायचे दिवस होते, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

तू म्हणशील, म्हणजे चांगलंच झालं की. तसं म्हणू नकोस. जे तिने स्वतः, तिच्या वेळेला उघडायचं होतं, ते तू तिला न विचारता साठ माणसांसमोर उघडलंस. त्यानंतर ती उभी राहिली हे तिचं कर्तृत्व. त्यात तुझा वाटा शून्य.

नवा फर्मा मी कोरला. बाबांसारखा नाही झाला. बावीस वर्षं एका दुपारी मोजता येत नाहीत. पहिला बूट घोट्याला लागला, उसवून पुन्हा शिवला. दुसऱ्या खेपेला बसला. काल ती नवे बूट घालून दुकानात चार फेऱ्या मारून गेली, काठी न घेता. तुझ्या शाखेचं काय झालं ते तिने काढलं नाही आणि मी विचारलं नाही.

निघताना तिला बाकावर तुझा पिवळा फर्मा दिसला. मी म्हटलं, हा आता माझ्या कामाचा नाही, शेगडीत घालते. ती म्हणाली, “जाळू नका. त्यांच्याकडे परत पाठवा. होता तिथेच लावायला सांगा, तिन्ही दिव्यांसकट. मी बघायला जाणार आहे. आणि त्याच्याखाली माझं नाव लिहायला सांगा.”

फर्मा पार्सलने वेगळा पाठवलाय. नाव तुला ठाऊक आहे, मी ते अजूनही लिहिणार नाही. अक्षर नीट काढ.

ताई